टांझानियाचे सोने आणि धर्मसंस्थांची हिशेबाची मागणी

पूर्व आफ्रिकेतील टांझानियात सोन्याच्या खाणींचा हिशेब जनतेपुढे मांडावा, ही मागणी ख्रिस्ती आणि मुस्लिम धर्मसंस्थांनी एकत्र येऊन लावून धरली. टांझानिया ख्रिस्ती परिषद, कॅथलिक बिशपांची परिषद आणि ‘बाक्वाटा’ ही राष्ट्रीय मुस्लिम परिषद यांनी तयार करवून घेतलेला सुवर्णखाणींविषयीचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक मार्क कर्टिस आणि वकील टुंडू लिसू त्याचे लेखक होते. लिसू पुढे विरोधी पक्षाचे प्रमुख नेते झाले.

वादाचे मूळ १९९८ च्या खाण कायद्यात होते. त्यानुसार सोन्यावरील स्वामित्वधन अर्थात रॉयल्टी केवळ तीन टक्के होती. तीही संपूर्ण किमतीवर नव्हे, तर वाहतूक आणि शुद्धीकरणाचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर आकारली जाई. त्यामुळे शंभर डॉलरच्या सोन्यामागे सरकारला या खात्यात पुरते तीन डॉलरही मिळत नसत. यंत्रसामग्रीवरील भांडवली खर्च नफ्यातून वजा करण्याची सवलतही उदार होती. साहजिकच नफ्यावरील कर लांबणीवर पडे.

सरकार आणि कंपन्या यांच्यातील करार गोपनीय असत. बुझवागी खाणीचा करार २००७ मध्ये लंडनमध्ये झाल्याचे प्रकरण खासदार झिट्टो काब्वे यांनी संसदेत मांडले, तेव्हा निलंबन त्यांच्याच वाट्याला आले. मात्र लोकक्षोभ वाढला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जकाया किक्वेटे यांनी माजी महान्यायवादी मार्क बोमानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्यात काब्वे यांनाही घेतले.

धर्मसंस्थांनी या व्यवहारात का पडावे, असा प्रश्न साहजिक आहे. टांझानियात अनेक शाळा आणि रुग्णालये त्याच चालवतात. तिजोरीत न आलेल्या पैशाची झळ त्यांच्या दारी येणाऱ्या रुग्णांना बसते. शिवाय मशिदीतील शेख आणि चर्चमधील बिशप एकच मागणी करू लागले, की ती पक्षीय राजकारण म्हणून झटकून टाकणे सरकारला अवघड जाते.

तेल, वायू आणि खाण उद्योगांतील पारदर्शकतेच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात टांझानिया २००९ मध्ये सहभागी झाला. कंपन्यांनी दिलेली आणि सरकारला मिळालेली रक्कम स्वतंत्रपणे ताडून पाहणे हे या उपक्रमाचे मुख्य काम आहे. २०१० च्या नव्या कायद्याने सोन्यावरील स्वामित्वधन चार टक्के झाले आणि ते एकूण किमतीवर आकारले जाऊ लागले. त्याचे श्रेय एकट्या धर्मगुरूंचे नव्हे. बोमानी समिती आणि विरोधी खासदार यांचाही त्यात वाटा आहे.

धर्मसंस्था मात्र तेथेच थांबल्या नाहीत. २०१२ मध्ये त्यांच्या संयुक्त समितीने दुसरा अहवाल काढला. करसवलती आणि करचुकवेगिरीमुळे देशाचे दरवर्षी सुमारे एक अब्ज डॉलरचे नुकसान होत असल्याचा अंदाज त्यात होता. हा आकडा केवळ खाणींचा नाही, संपूर्ण अर्थव्यवस्थेचा आहे.

२०१५ च्या पारदर्शकता कायद्यात खाण करार प्रसिद्ध करण्याची तरतूद झाली. राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांच्या कारकिर्दीत, २०१७ मध्ये, स्वामित्वधन सहा टक्क्यांवर गेले आणि खाणींत सरकारची किमान १६ टक्के विनामोबदला भागीदारी कायद्याने बंधनकारक झाली.