गाथेत लपलेली एकोणतीस अंकांची संख्या



गोम्मटसार जीवकांडाच्या स्वाध्यायात पर्याप्त मनुष्यांच्या संख्येची गाथा येते. आपण ती म्हणतो आणि पुढे जातो. पण त्या गाथेतली अक्षरे म्हणजे अंक आहेत, एकूण एकोणतीस:

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

ही संख्या आली कुठून? दोनाचा वर्ग चार, हा पहिला. चाराचा वर्ग सोळा, हा दुसरा. तिसरा २५६, चौथा ६५,५३६. पाचवा ४,२९,४९,६७,२९६; त्याला शास्त्रात ‘बादाल’ म्हणतात. बादालचा वर्ग तो सहावा, ‘एकट्ठी’. श्वेतांबरांचे अनुयोगद्वार सूत्र सांगते, सहाव्याला पाचव्याने गुणा. दिगंबर आचार्य नेमिचंद्र सांगतात, पाचव्याचा घन करा. एकट्ठी हा बादालचाच वर्ग, म्हणून उत्तर एकच. परंपरा दोन, आकडा तोच!

अनुयोगद्वार आणखी एक खूण देते: ही संख्या ९६ वेळा अर्धी होते. अशा अर्धे करण्याला ‘अर्धच्छेद’ म्हणतात. बादालचे अर्धच्छेद ३२, एकट्ठीचे ६४. संख्यांचा गुणाकार केला की अर्धच्छेदांची बेरीज होते, म्हणून ९६. वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत, म्हणजे नवव्या शतकात, हा नियम आहे. युरोपात नेपियरचे लॉगरिदमवरचे पुस्तक आले १६१४ साली.

या खुणेचे मोल मोठे आहे. ताडपत्रावर नक्कल करताना एखादा अंक चुकला तर कळणार कसे? अर्धे करत जा. ९६ वेळा अर्धी करून शेवटी बरोबर १ उरला, तर आकडा शुद्ध. एकोणतीस अंकी संख्यांत ९६ वेळा निःशेष अर्धी होणारी ही एकच आहे. तिला ३, ५, ७ असा कुठलाही विषम अंक भागत नाही. तिच्या पोटात फक्त दोनच दोन आहेत. एक अंक इकडचा तिकडे झाला, तरी हिशेब मध्येच अडतो.

आणि गाथा? तिथे अक्षर म्हणजे अंक. ट पासून मोजले तर त सहावा, म्हणून ६. य पासून ल तिसरा, म्हणून ३. न म्हणजे शून्य. अंक एककापासून वाचायचे. आपल्या संख्येच्या शेवटी ६ आहे, म्हणून गाथा ‘त’ ने सुरू होते. छंदात बसवल्यामुळे अक्षर गळले तर म्हणतानाच अडखळायला होते.

म्हणजे राखण दुहेरी: कानाला छंदाची, बुद्धीला अर्धच्छेदांची. नेमिचंद्राचार्यांनी ही गाथा रचली त्याला हजार वर्षे होऊन गेली, तरी अंक जसेच्या तसे आहेत. ज्यांनी पाठ केले आणि ज्यांनी हिशेब तपासला, त्या दोघांचे हे श्रेय.

पुढच्या स्वाध्यायाला वही-पेन्सिल घेऊन बसा. मुलांनाही सोबत घ्या. गाथेचे अंक मांडा आणि अर्धे करायला लागा. पाठांतराला समजेची जोड मिळाली की सम्यग्ज्ञानाकडे एक पाऊल पडतेच.