अनवाणी पंचवीस मैल

उतरा टांग्यातून. पुण्याचा लकडी पूल मागे पडला, पेठा नदीपलीकडे राहिल्या. साल १९१९. समोर डेक्कन जिमखान्याचं मैदान आहे आणि आज इथे शर्यती आहेत. तुमच्या अंगात बंद गळ्याचा कोट, खाली धोतर, डोक्यावर टोपी. उकडतंय? कोट काढायचा मात्र नाही. शेजारीच कॉलेजचे प्राध्यापक उभे आहेत.

गर्दीत घुसा. तापलेल्या मातीचा, घोड्याच्या लिदीचा, पुढच्या पोराच्या डोक्यावरच्या खोबरेलाचा वास एकदमच नाकात शिरतो. फुटाणेवाला कोपराने वाट काढत येतो. पैसा द्या, मूठभर गरम फुटाणे घ्या, कोटाच्या खिशात टाका. हात मोकळे हवेत, टाळ्या वाजवायच्या आहेत.

छोट्या शर्यती भराभर उरकतात. कर्णा नाही की फलक नाही. निकाल तोंडोतोंडी येतो. ‘कोण आला रे?’ ‘कुठला?’ पुढच्या रांगेतून निघालेलं गावाचं नाव तुमच्यापर्यंत पोचेतो दोनदा बदललेलं असतं. तरी तुम्ही बेंबीच्या देठापासून ओरडता.

आता खरी परीक्षा. सुमारे पंचवीस मैलांची दौड सुटून बराच वेळ झालाय. एका गृहस्थांकडे साखळीचं घड्याळ आहे. दहाजण त्यात डोकावतात. घसा कोरडा पडतो. रांजणातलं पाणी प्या, तोंडावर मारा, परत दोरीपाशी या. जागा गेली? सरका म्हणावं जरा!

तेवढ्यात रस्त्यावर धुरळा उठतो. ‘आला, आला!’ मागचा रेटा पाठीत बसतो. पहिला गडी दिसतो. काचा मारलेलं धोतर, घामाने निथळणारी छाती, ओठांवर धुळीचा थर. पायांत काही नाही. शेतावर राबणाऱ्या घरातला हा पोरगा एवढे मैल खडीवरून, काट्यांतून अनवाणी धावत आलाय. त्याच्या टाचा जमिनीवर आपटतात, तो आवाज तुम्हाला ऐकू येतो.

अध्यक्षांच्या खुर्चीत सर दोराबजी टाटा आहेत, जिमखान्याचे पहिले अध्यक्ष. बघा, ते किती लक्ष देऊन पाहताहेत. या अनवाणी पोरांची धाव युरोपातल्या धावपटूंच्या तोडीची आहे, हे त्यांनी ओळखलंय. पुढच्याच वर्षी सहा जण बोटीने अँटवर्पच्या ऑलिंपिकला निघतील: चार धावपटू, दोन मल्ल. त्यांतला बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा येईल. भारताच्या संघाची ती पहिली वारी, आणि तिची वाट या मैदानावरून जाते.

शेजाऱ्याला यातलं काही सांगत बसू नका. त्याचं सारं लक्ष रस्त्याकडे आहे, कारण मागचे गडी अजून यायचेत. पहिल्याला टाळ्या सगळेच वाजवतात. तुम्ही शेवटचा येईपर्यंत थांबा. तोही तेवढेच मैल धावलाय.