सोलापूर परिसरातील वारसाहक्क : दत्तकापासून मृत्युपत्रापर्यंत

ब्रिटिश न्यायालयांनी बंगाल वगळता बहुतेक भारतात हिंदू वारशासाठी प्रमाण मानलेला 'मिताक्षरा' हा ग्रंथ सोलापूरच्या पूर्वेस शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरवरील कल्याणी, म्हणजे आजच्या बसवकल्याण, येथे सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या (1076–1126) राजवटीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका म्हणून लिहिला. वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळवणाऱ्या पुरुषांना, म्हणजे सहदायादांना, या परंपरेत केंद्रस्थान होते. त्यांपैकी एक मरण पावला की त्याचा अविभक्त हिस्सा उरलेल्यांकडे आपोआप जाई, त्यामुळे तो मृत्युपत्राने पत्नीला देता येत नसे आणि एकत्र कुटुंबातील विधवेच्या वाट्याला केवळ अन्नवस्त्र, म्हणजे निर्वाहाचा हक्क, येई.

विभक्त कुटुंबातील निपुत्रिक विधवेला पतीची मालमत्ता हयातीपुरती मिळे आणि वंश व क्रियाकर्म चालावे म्हणून ती मुलगा दत्तक घेई. मुंबई इलाख्यातील महाराष्ट्रात पतीची मनाई नसल्यास तिला त्यासाठी त्याच्या स्पष्ट परवानगीची गरज नव्हती, तर तेलुगू मुलूख जिच्यात मोडे त्या द्रविड परंपरेत पतीची अनुज्ञा किंवा सपिंडांची, म्हणजे जवळच्या रक्तसंबंधीयांची, संमती आवश्यक असे. स्थलांतरित कुटुंब आपला मूळ प्रदेशाचा कायदा सोबत आणते, असे न्यायालये गृहीत धरत. म्हणून तेलुगूभाषक विणकरांची मोठी वस्ती असलेल्या सोलापुरात शेजारच्या दोन घरांचा वारसाकायदाही भिन्न असू शके. मात्र दत्तक होताच मालमत्ता मुलाकडे जाई आणि जिने त्याला घरात आणले तीच त्याच्यावर अवलंबून राही. दूरदृष्टीच्या विधवा म्हणूनच दत्तकापूर्वी मुलाच्या जन्मदात्या पित्याशी करार करून आपल्या हयातीपुरते उत्पन्न राखून ठेवत. अशा करारांतला त्यांचा व्यवहारी शहाणपणा आदरास पात्र आहे.

1870चा हिंदू मृत्युपत्र अधिनियम मुंबई शहराला लागू झाला, सोलापूरसारख्या मुफस्सल, म्हणजे राजधानीबाहेरील, भागाला नव्हे. तेथे स्वकष्टार्जित मालमत्तेबाबत तोंडी मृत्युपत्रही वैध ठरू शके. 1 जानेवारी 1927पासून मात्र हिंदूच्या मृत्युपत्रासाठी सर्वत्र लेखी दस्त आणि दोन साक्षीदारांचे साक्षांकन अनिवार्य झाले.

1937च्या कायद्याने विधवेला मुलाइतका हिस्सा दिला, तोही हयातीपुरताच. 1956च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने तिची मालकी पूर्ण केली आणि सहदायादाला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या दत्तक कायद्यामुळे तिच्याकडे आलेली मालमत्ता दत्तकामुळे जाण्याचे थांबले. आईच्या ताटातील घास मुलासाठी काढून घेणारी ती जुनी रीत खरोखरच अन्यायाची होती.

महाराष्ट्राने 22 जून 1994पासून मुलीला सहदायाद केले, पण त्याआधी विवाह झालेल्या मुली वगळल्या. ही उणीव 9 सप्टेंबर 2005च्या केंद्रीय दुरुस्तीने दूर केली आणि त्या तारखेस वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. तरीही वारसनोंदीनंतर बहिणींकडून भावाच्या लाभात हक्कसोडपत्र, म्हणजे हिस्सा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त, करून घेण्याचा प्रघात टिकून आहे आणि त्यावर सही झाली की सातबाऱ्यावर आलेले बहिणीचे नाव फेरफाराने कमी होते.