नावाचे दोन तुकडे

कुर्ल्यावरून जाणाऱ्या मध्य रेल्वेच्या रुळांलगत, पूर्व उपनगरांत, १९६५-६६ मध्ये रात्री निजलेल्या गोरगरिबांवर हल्ले झाले. १९६८ मध्ये रमन राघव पकडला गेला. त्याची फाशी १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने मनोविकारामुळे जन्मठेपेत बदलली. श्रीराम राघवन यांच्या १९९१ च्या चित्रपटात रघुवीर यादव यांनी त्याला साकारले. अभिनय म्हणून मला तोच अधिक सच्चा वाटतो. अनुराग कश्यप यांनी २०१६ मध्ये मात्र कथा आजच्या मुंबईत आणून नावच फोडले : खुनी रमन्ना, आणि अंमली पदार्थांच्या आहारी गेलेला पोलीस अधिकारी राघवन. या चित्रपटाचे आकर्षण, माझ्या मते, त्या फोडीत आहे. वेड्याला परका ठरवून प्रेक्षक सुटतो; हा अधिकारी त्याला तसे सुटू देत नाही.