पर्यावरणशास्त्र : सारख्या भासणाऱ्या संकल्पनांची उजळणी

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात पर्यावरण या घटकाची व्याप्ती मोठी आहे. व्याख्या पाठ असूनही उत्तर चुकते, याचे एक प्रमुख कारण म्हणजे एकमेकींसारख्या भासणाऱ्या संकल्पनांची गल्लत. प्रत्येक संज्ञेमागे एक निश्चित प्रक्रिया असते. ती ओळखण्यात चूक झाली, तर परीक्षेत गुण जातात आणि प्रत्यक्षात उपायच चुकीचा योजला जातो. उजळणीच्या दृष्टीने अशा काही संकल्पनांचा येथे परामर्श घेतला आहे.

ऊर्जेचा प्रवाह आणि जैविक विशालन

'परिसंस्था' ही संज्ञा ए. जी. टान्सले यांनी १९३५ मध्ये मांडली. परिसंस्थेत ऊर्जा उत्पादकांकडून भक्षकांकडे एकाच दिशेने वाहते. रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार एका पोषण पातळीवरील ऊर्जेपैकी साधारणपणे १० टक्केच ऊर्जा पुढील पातळीवर पोहोचते. उरलेली श्वसन, हालचाल आणि उष्णतेच्या रूपाने खर्च होते. त्यामुळे ऊर्जेचा मनोरा नेहमी सरळच असतो. संख्येचा किंवा जैववस्तुमानाचा मनोरा मात्र उलटा असू शकतो. एका वृक्षावर जगणारे असंख्य कीटक हे त्याचे परिचित उदाहरण होय.

विघटन न होणाऱ्या विषारी द्रव्यांचे गणित याच्या नेमके उलट आहे. भक्षकाने खाल्लेल्या अन्नाचा बराचसा भाग ऊर्जेसाठी खर्च होतो. पण त्यातील डीडीटी किंवा मिथिल पारा शरीरातच साठून राहतो. एकाच जीवाच्या शरीरात आयुष्यभर होणाऱ्या या साठ्याला जैविक संचयन म्हणतात. अन्नसाखळीत एकेक पातळी वर जाताना त्या द्रव्याची तीव्रता वाढत जाणे, हे जैविक विशालन. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेलेला आजार पाऱ्याने दूषित मासे व शिंपले खाल्ल्याने झाला होता. पारानियंत्रणाच्या २०१३ मधील आंतरराष्ट्रीय कराराला त्याच गावाचे नाव देण्यात आले.

गिधाडांचे उदाहरण कशाचे?

या ठिकाणी हमखास गल्लत होते. १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडांची संख्या झपाट्याने घटली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांमध्ये ही घट ९९ टक्क्यांहून अधिक होती. अनेक जण हे जैविक विशालनाचे उदाहरण समजतात. परंतु ते तसे नाही. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यांच्या शरीरातून काही दिवसांत बाहेर पडते. मात्र औषध दिल्यानंतर लगेचच जनावर दगावले आणि त्याचे मांस गिधाडाने खाल्ले, तर त्याचे मूत्रपिंड निकामी होते. म्हणजेच ही थेट विषबाधा होय. हे कारण २००४ मध्ये स्पष्ट झाले आणि २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरासाठीच्या उत्पादनावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध होता. पुढे २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन या औषधांच्याही पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. दोष कीटकनाशकांवरच ठेवला गेला असता, तर हा उपाय सापडलाच नसता.

सुपोषण, बीओडी आणि सीओडी

सांडपाणी व खतांमधील नायट्रोजन आणि फॉस्फरस जलाशयात साचले, की शेवाळ व जलपर्णी बेसुमार वाढते. ती मेल्यावर तिचे विघटन करणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात आणि मासे गुदमरून मरतात. यालाच सुपोषण म्हणतात. येथे मासे मरतात ते विषाने नव्हे, तर अतिपोषणाच्या परिणामाने. पवना, इंद्रायणीसारख्या नद्यांवरील जलपर्णी काढूनही ती पुन्हा पसरते, याचे कारण सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्ये थांबलेली नसतात.

सेंद्रिय पदार्थांचे विघटन करण्यासाठी जिवाणूंना लागणारा प्राणवायू म्हणजे बीओडी. रासायनिक पद्धतीने ऑक्सिडीकरण करण्यास लागणारा प्राणवायू म्हणजे सीओडी. जिवाणूंना न पचणारे पदार्थही सीओडीत मोजले जात असल्याने तो सामान्यतः बीओडीपेक्षा अधिक असतो. स्नानयोग्य पाण्यात बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, तर विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे.

ओझोन क्षय आणि जागतिक तापमानवाढ

ओझोनचा थर विरळ झाल्यास अतिनील किरणे अधिक प्रमाणात जमिनीवर पोहोचतात. हरितगृह वायू वाढल्यास पृथ्वीवरून बाहेर पडणारी उष्णता अडवली जाते. या दोन वेगळ्या प्रक्रिया होत. सीएफसी मात्र दोन्हींना कारणीभूत ठरतात. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आला. त्यांच्या जागी आलेली एचएफसी संयुगे ओझोनला अपाय करत नाहीत. पण त्यांतील अनेक कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडवू शकतात. म्हणूनच २०१६ मध्ये किगाली दुरुस्तीद्वारे त्यांनाही याच करारात आणले गेले.

थोडक्यात महत्त्वाचे

* अन्नसाखळीत ऊर्जा घटत जाते. टिकाऊ विषाची तीव्रता वाढत जाते.
* संचयन एका जीवात, विशालन अन्नसाखळीत.
* डीडीटी व पारा : विशालन. डायक्लोफेनॅक : थेट विषबाधा.
* बीओडी जिवाणूंवर, सीओडी रासायनिक क्रियेवर आधारित.
* माँट्रियल (१९८७) ओझोनसाठी. क्योटो (१९९७) हरितगृह वायूंसाठी. किगाली (२०१६) हा दोहोंमधील दुवा.

प्रत्येक संज्ञेसमोर 'कारण, प्रक्रिया, परिणाम, उपाय' असे चार रकाने आखून उजळणी केल्यास या संकल्पनांमधील गल्लत टाळता येते.