वाचकांनी न टिपलेले शब्द

कोश म्हणजे एकाकी विद्वानाच्या तपश्चर्येचे फळ, अशी समजूत रूढ आहे. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. १८५७ साली रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच ह्यांनी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे तत्कालीन कोशांतील उणिवा मांडल्या आणि हे काम अनेकांच्या सहकार्यावाचून होणार नाही, असे प्रतिपादिले. त्यानुसार शेकडो हौशी वाचक ग्रंथ वाचून शब्दांची अवतरणे चिठ्ठ्यांवर उतरवू लागले.

१८७९ मध्ये संपादकपद स्वीकारताच जेम्स मरे ह्यांनी त्या चिठ्ठ्यांची छाननी केली, तेव्हा एक विलक्षण विसंगती उघड झाली. ‘अब्यूजन’ ह्या लुप्तप्राय शब्दाची सुमारे ५० अवतरणे जमली होती. ‘अब्यूज’ ह्या नित्याच्या शब्दाची पाचदेखील नव्हती. वाचकांनी आळस केला नव्हता. विचित्र शब्द डोळ्यांत भरतो, ओळखीचा शब्द डोळ्यांखालून निघून जातो, एवढेच. परंतु भाषेचा सारा भार ह्या ओळखीच्या शब्दांवरच असतो. त्यांचा इतिहास निसटला तर कोश हे केवळ नवलाईच्या वस्तूंचे संग्रहालय होईल.

मरे ह्यांचे मोठेपण असे की त्यांनी हा निष्कर्ष कामाला लावला. त्याच वर्षी काढलेल्या जाहीर आवाहनात एक हजार वाचकांची मागणी करताना, दुर्मीळ शब्दांबरोबरच अर्थ उजळविणाऱ्या वाक्यांतील साधे शब्दही टिपावेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दोष माणसांत नसून योजनेत आहे, हे ओळखून त्यांनी योजना सुधारली. १९२८ साली पूर्ण झालेल्या कोशात अठरा लाखांहून अधिक अवतरणे आहेत.

तरीही पक्षपात सर्वस्वी गेला नाही. १९८० मध्ये युर्गेन शेफर ह्यांनी शेक्सपिअर आणि त्याचा समकालीन टॉमस नॅश ह्यांची तुलना करून दाखविले की, शेक्सपिअरचे शब्द जितक्या बारकाईने टिपले गेले तितके नॅशचे गेले नाहीत. एखादा शब्द शेक्सपिअरने प्रथम वापरला, हे कोशावरून काढलेले विधान म्हणूनच जपून स्वीकारावे लागते. कोशातील उणीव अशी नकळत वाङ्मयेतिहासाचे प्रमेय होऊन बसते.

हाच प्रश्न २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियापुढे वेगळ्या रूपाने उभा राहिला. लेखांची शुद्धता राखण्यासाठी योजलेल्या यांत्रिक साधनांमुळे सद्हेतूने आलेले नवे लेखकही परतवले जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत, असे २०१३ च्या एका संशोधनाने दाखविले. नवख्यांना आपुलकीने मार्गदर्शन करणारा ‘टीहाउस’ हा उपक्रम इंग्रजी विकिपीडियावर २०१२ पासूनच सुरू झाला होता. २००३ पासून चालत आलेल्या मराठी विकिपीडियासही हा विचार परका नाही.

लोकसहकार्याने ज्ञान जमते. पण काय निसटले, ह्याचा शोध घेऊन योजना बदलली तरच ते विश्वासार्ह ठरते. मरे ह्यांनी चिठ्ठ्या मोजल्या नसत्या, तर ‘अब्यूज’ची उणीव कोणाच्या ध्यानातही आली नसती.