पिनियन कोन

पिनियन कोन म्हणजे वाहनाच्या आसावरील डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या पिनियनच्या दंडाची मध्यरेषा क्षितिजसमांतर रेषेशी जो कोन करते तो. गिअरबॉक्समधून किंवा ट्रान्सफर केसमधून निघालेली गती आसापर्यंत नेणाऱ्या लांब फिरत्या दंडाला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. या शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल सांधे असतात. कारागिरांच्या बोलीत त्यांना 'क्रॉस' असे नाव आहे. पिनियन कोन एकट्याने पाहिल्यास फारसे काही सांगत नाही. शाफ्टचा उतार आणि ट्रान्सफर केसच्या निर्गम दंडाचा कल यांच्याशी त्याचे जे नाते असते, त्यावर सांध्यांचे आयुष्य आणि वाहनाची निष्कंप चाल अवलंबून असते. खडकाळ वाटांसाठी सस्पेन्शन उंच केलेल्या चारचाकी-चालित वाहनांत हे नाते बिघडते आणि ते नव्याने जुळवून घ्यावे लागते.

सांध्याचा स्वभाव

युनिव्हर्सल सांध्याला कार्डनचा किंवा हूकचा सांधा असेही म्हणतात. इटालियन गणिती जिरोलामो कार्डानो (१५०१–१५७६) आणि इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक (१६३५–१७०३) यांच्यावरून ही नावे पडली. मोटारीत हा सांधा रूढ करण्याचे श्रेय मुख्यत्वे अमेरिकन अभियंते क्लॅरन्स स्पायसर यांना जाते. त्यांना १९०३ साली त्याचे पेटंट मिळाले.

दोन दुबेळक्या योकांमध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा एक क्रॉस बसवलेला असतो, एवढीच या सांध्याची रचना आहे. त्यात एक उपजत दोष आहे. दोन दंड एका रेषेत नसतील, तर चालक दंड एकसारख्या वेगाने फिरत असूनही चालित दंड प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दोन दंडांमधील कोनाला कार्यकोन म्हणतात. कार्यकोन ३ अंश असेल तर वेगातील हा चढउतार सुमारे ०.१४ टक्के असतो, म्हणजे जवळजवळ नगण्य. १० अंशांना तो दोन्ही बाजूंस दीड टक्क्याच्या आसपास जातो आणि २० अंशांना सहा टक्क्यांच्या घरात. कोन दुप्पट झाला की दोष साधारण चौपट होतो, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

कार्यकोन अगदी शून्य असणेही इष्ट नाही. क्रॉसच्या टोकांवरील टोप्यांमध्ये सुयांसारख्या बारीक बेअरिंगच्या कांड्या असतात. कोन शून्य असला की त्या जागच्या जागी दाब सोसत राहतात आणि क्रॉसवर खाचा पाडतात. त्या थोड्या तरी फिरत राहाव्यात म्हणून अर्धा ते एक अंश कोन ठेवण्याचा प्रघात आहे.

उंची वाढल्यावर होणारे बदल

सस्पेन्शन उंच केले म्हणजे चौकट, इंजिन आणि ट्रान्सफर केस वर जातात; आस मात्र चाकांबरोबर जमिनीजवळच राहतो. साहजिकच शाफ्ट अधिक उभा होतो. तो किती उभा होईल हे त्याच्या लांबीवर ठरते. उदाहरणादाखल, दोन सांध्यांमधील आडवे अंतर ५०० मिमी आणि उंचीतील फरक ९० मिमी असेल, तर शाफ्टचा उतार सुमारे १०.२ अंश होतो. वाहन १०० मिमी उंच केल्यावर तो २०.८ अंशांवर जातो. आडवे अंतर १,३०० मिमी असते, तर तेवढ्याच बदलाने उतार ४ अंशांवरून ८.३ अंशांपर्यंतच वाढला असता. छोट्या वाहनांचे मालक ज्या त्रासाने हैराण होतात, तो लांब ट्रकच्या मालकांना बहुधा जाणवत नाही, त्याचे कारण या भूमितीत आहे.

शाफ्टची लांबीही बदलते. वरील आखूड शाफ्टला सुमारे २७ मिमी लांब व्हावे लागते आणि ही लांबी त्याच्या सरकत्या सांध्यातून येते. तेवढ्या प्रमाणात एकमेकांत गुंतलेल्या खाचा बाहेर येतात. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळले असता शाफ्ट खाचांतून निसटून पडण्याचा धोका यातूनच उद्भवतो.

शाफ्टचे दोन प्रकार, दोन नियम

दोन्ही टोकांना एकेक साधा सांधा असलेल्या शाफ्टमध्ये पहिल्या सांध्याने निर्माण केलेला चढउतार दुसऱ्याने पुसून टाकावा अशी योजना असते. त्यासाठी दोन्ही कार्यकोन समान हवेत. याचा अर्थ ट्रान्सफर केसचा निर्गम दंड आणि पिनियन हे एकमेकांना समांतर हवेत: निर्गम दंड मागे २ अंश खाली झुकला असेल, तर पिनियनचे तोंड पुढे २ अंश वर हवे. शिवाय शाफ्टवरील दोन्ही योक एकाच प्रतलात असले पाहिजेत. सरकता सांधा उघडून पुन्हा जोडताना एक खाच जरी चुकली, तरी ही जुळणी मोडते. म्हणून जाणते कारागीर शाफ्ट उघडण्यापूर्वी खडूने किंवा रंगाने खूण करून ठेवतात.

दुसऱ्या प्रकारात ट्रान्सफर केसकडील टोकाला दुहेरी कार्डन सांधा असतो. यात दोन क्रॉस शेजारी-शेजारी असतात आणि मधला केंद्रक गोळा एकूण कोन त्या दोघांत समान वाटून देतो. या जोडीने आपला चढउतार आपल्यापुरता निस्तरलेला असल्यामुळे पिनियनकडील एकेरी सांध्याला पुसण्यासारखे काही उरत नाही. त्याने स्वतः निर्माण केलेला चढउतार पुसणाराही कोणी नसतो. म्हणून येथे पिनियनचे तोंड थेट शाफ्टच्या रेषेत असावे लागते. मागील आसावर जोर आला की पिनियन वर उचलला जातो, हे लक्षात घेऊन तो उभ्या वाहनात १ ते २ अंश खाली ठेवतात. पाट्यांच्या सस्पेन्शनमध्ये २ अंशांच्या आसपास, दृढ दांड्यांच्या सस्पेन्शनमध्ये १ अंशाच्या आसपास.

हे दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि व्यवहारात सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. शाफ्ट साधा असताना 'क्रॉसवरचा ताण कमी व्हावा' म्हणून पिनियन वर फिरवणे हा त्यातील नेहमीचा प्रकार. वरील उदाहरणात शाफ्टचा उतार २०.८ अंश आणि निर्गम दंडाचा कल २ अंश धरला, तर वरचा कार्यकोन १८.८ अंश होतो. पिनियन समांतर, म्हणजे २ अंश वर ठेवला तर खालचा कार्यकोनही तेवढाच राहतो. तो १० अंश वर फिरवला तर खालचा कोन १०.८ अंशांवर येतो आणि काम सुधारल्यासारखे दिसते. परंतु दोन असमान कोनांचा उरलेला परिणाम त्यांच्या वर्गांच्या फरकाच्या वर्गमुळाइतक्या एकेरी कोनासारखा असतो. येथे तो सुमारे १५.४ अंश भरतो. म्हणजे डिफरन्शियलला साडेतीन टक्क्यांहून अधिक चढउतार सोसावा लागतो, जो आधी जवळजवळ शून्य होता. (पिनियन फिरल्याने शाफ्टचा उतारही किंचित कमी होतो, तो फरक येथे धरलेला नाही.) याच सूत्रामुळे उभ्या शाफ्टमध्ये एक-दोन अंशांची चूकही महाग पडते: ३ व १ अंशांच्या जोडीचा उरलेला परिणाम २.८ अंशांइतका, तर १५ व १३ अंशांच्या जोडीचा ७.५ अंशांइतका असतो.

जीप रँग्लरचे उदाहरण

या प्रश्नाचे ठळक उदाहरण म्हणून १९९७ ते २००६ या काळातील अमेरिकन जीप रँग्लर (टीजे) दाखवता येते. या वाहनाचा चाकतळ अवघा सुमारे २,३७० मिमी आहे आणि मागील शाफ्ट अतिशय आखूड आहे. शिवाय बहुतेक टीजे वाहनांतील २३१ क्रमांकाच्या ट्रान्सफर केसमध्ये सरकता योक थेट निर्गम दंडावर बसतो, त्यामुळे शाफ्टसाठी उपलब्ध लांबी आणखी घटते. थोडी उंची वाढवताच मागून थरथर जाणवू लागते.

यावर दोन उपाय रूढ आहेत. पहिला, ट्रान्सफर केसला आधार देणारी खालची पट्टी ठोकळे घालून सुमारे एक इंच खाली आणणे. हा उपाय स्वस्त खरा. पण जमिनीपासूनची जी मोकळी उंची मिळवण्यासाठी वाहन वर उचलले, तिचाच काही भाग त्यात परत जातो. दुसरा, सरकत्या योकाऐवजी आखूड निर्गम दंड व स्थिर योक बसवणे, दुहेरी कार्डन सांध्याचा शाफ्ट घालणे आणि पिनियन वर फिरवणे. ही तिन्ही कामे एकत्रच करावी लागतात. नवा शाफ्ट घालून पिनियन जुन्याच कोनात ठेवल्यास थरथर कमी होण्याऐवजी तिची जागा तेवढी बदलते. २००३ पासूनच्या रुबिकॉन आवृत्तीत मागील निर्गमावर स्थिर योक कारखान्यातूनच येतो. २००४ साली आलेल्या अनलिमिटेड आवृत्तीचा चाकतळ १० इंचांनी लांब असल्यामुळे तेवढ्याच उंचीला तिचा शाफ्ट कमी उभा होतो.

मोजणी

कोन मोजताना वाहन सपाट जमिनीवर, पूर्ण भार चाकांवर असताना उभे असावे. चौकट जॅकवर घेऊन आस लोंबकळत ठेवला, तर मिळणारे आकडे निरुपयोगी असतात. तीन कोन घ्यावे लागतात: निर्गम दंडाचा, शाफ्टचा आणि पिनियनचा. चुंबकीय किंवा अंकदर्शी कोनमापक शाफ्टच्या नळीवर ठेवता येतो. योकावर मोजताना क्रॉसची एक टोपी सरळ खाली येईल इतका शाफ्ट फिरवून तिच्या सपाट पृष्ठावर तो टेकवतात. डिफरन्शियलच्या झाकणावर किंवा ओतीव कवचाच्या ओबडधोबड भागावर घेतलेल्या मापावर विसंबू नये. शाफ्ट बाजूलाही तिरपा असेल, तर खरा कार्यकोन हा उभ्या व आडव्या कोनांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाइतका मोठा असतो.

कोन बदलण्याच्या पद्धती

पाट्यांच्या सस्पेन्शनमध्ये पाटा आणि आसावरील बैठक यांच्यामध्ये पोलादी पाचर घालतात आणि मग यू-बोल्ट कसतात. ॲल्युमिनियमची पाचर दाबाखाली चिरडू शकते, म्हणून पोलादी पाचरच पसंत केली जाते. कायमचा उपाय म्हणजे बैठका कापून आसाच्या नळीवर नव्या कोनात वेल्ड करणे. मागील पाट्यांच्या मागच्या टोकाला लांब शॅकल लावल्यानेही पिनियन थोडा वर जातो. केवळ उंचीसाठी शॅकल बदलणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. गुंडाळ्या स्प्रिंगांच्या सस्पेन्शनमध्ये नियंत्रक दांड्यांची लांबी बदलतात. मागील आसाच्या वरच्या दांड्या लांब केल्या की पिनियन वर वळतो.

पिनियन बराच वर केल्यास डिफरन्शियलमधील तेल मागे साचते आणि पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला ते कमी मिळते. अशा वेळी तेलाची पातळी थोडी वाढवून ठेवावी लागते.

पुढील आस आणि कॅस्टर

अखंड पुढील आसात प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तेथे पिनियन एकटा फिरवता येत नाही. चाके वळवणारे नकल आसाच्या नळीला वेल्ड केलेले असतात. पिनियन वर केला की वळणाचा अक्ष पुढे झुकतो आणि कॅस्टर कोन घटतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होणे, वेगात वाहन न भरकटणे हे गुण कॅस्टरवर अवलंबून असतात. टीजे रँग्लरमध्ये तो मूळचा सुमारे ७ अंश असतो. शाफ्टची थरथर घालवण्यासाठी तो फार कमी केलेले वाहन महामार्गावर धोकादायक ठरते. त्यामुळे दोन्ही साधत नसतील तर कॅस्टर आधी राखावा आणि पुढील शाफ्टचा काहीसा प्रतिकूल कोन सोसावा, हाच क्रम योग्य मानला जातो. ज्या वाहनांत चाकांच्या तुंब्यांवर कुलपी हब असतात, त्यांत पुढील शाफ्ट रस्त्यावर थांबवता येतो आणि ही तडजोड सहज निभते. टीजेमध्ये तसे हब नसल्याने पुढील शाफ्ट दोनचाकी चालनातही फिरतच राहतो. नकलचे वेल्ड कापून ते नव्या कोनात बसवणे हा यावरील पूर्ण उपाय आहे. मात्र तो खर्चिक आहे आणि स्टिअरिंगशी निगडित असल्याने कुशल हातांनीच करण्याजोगा आहे.

बिघाडाची लक्षणे

कोनांमुळे होणारी थरथर प्रत्येक फेऱ्याला दोनदा येते. शाफ्ट मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० वेळा. ॲक्सिलरेटर दाबताना ती वाढते आणि सोडताना बदलते. शाफ्टचा तोल बिघडल्याने होणारी थरथर फेऱ्याला एकदाच येते आणि मुख्यतः वेगाबरोबर वाढते. दोष पुढील शाफ्टचा आहे की मागील, हे ओळखण्यासाठी पुढील शाफ्ट काढून वाहन चालवून पाहतात. मागील शाफ्टबाबत हे दर वेळी शक्य नसते, कारण निर्गम दंडावर सरकता योक असलेल्या ट्रान्सफर केसमधून शाफ्ट काढताच तेल वाहू लागते. क्रॉसभोवती लालसर भुकटी दिसणे हे ग्रीस संपून बेअरिंग गंजल्याचे चिन्ह होय.

शेवटची तपासणी चाके लोंबकळत ठेवून करतात. त्या स्थितीत योकाचे कान एकमेकांना घासत असतील, तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात सांधा तुटू शकतो. पुढचे टोक तुटून शाफ्ट जमिनीवर पडला, तर तो रस्त्यात रुतून वाहन उचलले जाण्याची भीती असते. म्हणून आसाची खाली जाण्याची मर्यादा पट्ट्यांनी बांधतात आणि शाफ्टभोवती पोलादी कडे बसवतात.

भारतातील वाहने

१९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीत दोन्ही आस अखंड व पाट्यांवर असल्याने वरील सर्व विवेचन तिला लागू पडते. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी आहे आणि दोहोंमध्ये तिसरा आखूड शाफ्ट आहे. त्यामुळे ट्रान्सफर केस खाली घेतली, तर त्या तिसऱ्या शाफ्टचे कोनही पाहावे लागतात. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या २०२० च्या पिढीत मागील आस अखंड, तर पुढील सस्पेन्शन स्वतंत्र आहे. तेथे पुढील डिफरन्शियल चौकटीबरोबर वर जाते. परिणामी पुढील प्रोपेलर शाफ्टचा कोन जवळपास तसाच राहतो आणि वाढीव कोनाचा भार चाकांकडे जाणाऱ्या अर्धशाफ्टांच्या सांध्यांवर पडतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्यामुळे उंची वाढवलेली वाहने भारतात प्रामुख्याने सार्वजनिक रस्त्यांबाहेरील स्पर्धा व खाजगी मैदाने यांपुरती वापरणे हाच निर्धोक मार्ग आहे.